केजीएफला सायकल सहल न्यावी का?

सायकलस्वार_बेंगळुरू
गेल्या रविवारी मारीकुप्पमच्या गाडीने कोलार गोल्ड फील्ड्सला (केजीएफ), म्हणजे कर्नाटकातल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला जाऊन आलो. बंगारपेठ सोडलं की उरगाम, चॅम्पियन अशी खाणींच्याच नावांची स्टेशनं लागतात. इंग्रजांचे बंगले, शाफ्टवरचे (खाणीत उतरायच्या खोल विहिरींवरचे) गंजलेले मनोरे आणि गावाला खेटून उभे सायनाइडचे पांढुरके डोंगर. डिसेंबरात ग्रुपच्या 30 सायकली तिकडे न्याव्यात असं मनात आहे. संध्याकाळी त्या डोंगरांवर चढाई, दुसऱ्या दिवशी बेतमंगलचा तलाव. 1902 साली शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून जवळपास दीडशे किलोमीटर तारा ओढून या खाणींना वीज दिली. बेंगळुरूला ती 1905 साली मिळाली! हे बघायला कुणी गेलंच नाही, तर उरलंसुरलं भंगारात जाईल. मतं सांगा.

दगडधोंडे
सहलीला हरकत नाही, पण चढाईला माझा ठाम विरोध. ते डोंगर नव्हेतच. खडक गिरणीत पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढायचं आणि उरलेला गाळ बाहेर ओतायचा. तो साठलेला गाळ आहे हा. मी भूशास्त्र शिकत असताना तिथे गेले होते. दुपारी वारा सुटला आणि एका बाईने वाळत घातलेले कपडे धावत जाऊन काढले. दोरीवर बोट फिरवलं तर राखाडी भुकटी. त्यात क्वार्ट्झची (गारगोटीची) धूळ असते, फुप्फुसात गेली की परत निघत नाही. तुमचे टायर वरची खपली फोडणार आणि धूळ खाणार तिथली पोरं. खडकच बघायचे तर पेद्दपल्लीचे ज्वालामुखीय खडक बघा, ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

रोजचा_प्रवासी
माझा सहलीलाच विरोध. ऑफिसातला माझा सहकारी त्याच गाडीने रोज पहाटे निघतो. वडील खाणीत होते. 28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या आणि घरंच्या घरं बेंगळुरूच्या गाडीला लागली. चॅम्पियन रीफ खाणीत तीन किलोमीटरहून खोल, अंग भाजणाऱ्या उष्म्यात उतरणारे बहुतेक तमिळ दलित कामगार होते. तुमच्या यादीत बंगले आहेत, त्यांच्या लाइनींतल्या, म्हणजे रांगेने बांधलेल्या कामगार-वस्तीतल्या खोल्या कुठे आहेत?

मुलुंडकर
एक भर घालतो. 1965 साली याच खाणीत, दोनेक किलोमीटर खाली, आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशानेही न अडणारे सूक्ष्म कण टिपले. जगात अगदी पहिल्यांदा हे ज्या प्रयोगांना साधलं, त्यांत हा होता. पोरांना हे तिथे उभं राहून सांगायलाच हवं. मी सहलीच्या बाजूने.

सायकलस्वार_बेंगळुरू
दगडधोंडे, पटलं. चढाई रद्द. त्या धुळीचा विचार मी केलाच नव्हता, चूक माझी. पण प्रवासी, न जाण्याने तुमच्या सहकाऱ्याच्या वडिलांना काय मिळणार? एखाद्या निवृत्त कामगाराला दिवसाचा योग्य मोबदला देऊन त्याच्याच तोंडून ऐकू. जेवणही रॉबर्टसनपेटच्या खानावळीत.

रोजचा_प्रवासी
मोबदला द्याच. पण एका खोलीच्या दारासमोर हेल्मेट घातलेले तीस जण उभे राहिले, तर आतल्या माणसाने जेवायचं कसं? सहा जण जा, चालत जा. सोमवारी सहकाऱ्याला विचारतो, वडिलांना बोलायचं आहे का. ते नको म्हणाले तर तो विषय तिथेच थांबवा.