अनुभव धागा : हॅरिस बेटावर कॅम्परव्हॅनमधली निवांत सुट्टी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, स्काय बेटाच्याही पलीकडे, आउटर हेब्रिडीज ही बेटांची रांग आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाला नावं दोन : उत्तरेचा सखल, पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या) दलदलीचा भाग तो लुईस आणि दक्षिणेचा डोंगराळ भाग तो हॅरिस. ब्रिटनमधली आपली बरीच मंडळी स्कायला जातात, गर्दीला वैतागतात आणि तिथूनच परत फिरतात. पुढची फेरी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, धरून हॅरिसला जाणारे मोजके. त्या मोजक्यांनी लिहावं म्हणून हा धागा काढतेय.

काय काय पाहिलं याची यादी कुठेही मिळते. झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली ही व्हॅन रात्री कुठे लावली, टाकीत पाणी कुठे भरलं, वारा सुटला तेव्हा काय केलंत, मुलं झोपली का, कुकर लावता आला का, ते लिहा. माझं मत आधीच सांगून टाकते. रोज मुक्काम हलवायचा असेल तर हॅरिसला जाऊच नये. इथे एका किनाऱ्यावर सलग काही रात्री राहायचं, भरती-ओहोटीच्या वेळा पाठ होईपर्यंत. त्याहून वेगळा अनुभव असेल तर तोही जरूर लिहा.

ग्लासगोहून, आम्ही दोघं

आधी फेरी, मग व्हॅन, मग सुट्टीचा अर्ज. हाच क्रम ठेवा. व्हॅन भाड्याने देणारे पुष्कळ आहेत, पण फेरीवर गाड्यांची जागा मोजकीच असते आणि जून ते ऑगस्टमधली जागा फार लवकर भरते. रस्ते दोन आहेत. मुख्य भूमीवरच्या उलापूलहून लुईसमधल्या स्टॉर्नोवेची फेरी अडीच तासांहून थोडी जास्त घेते. स्कायच्या उत्तरेला उइग आहे, तिथून हॅरिसच्या टार्बर्टला पोचायला साधारण एक तास चाळीस मिनिटं. आम्ही एका वाटेने गेलो आणि दुसरीने परत आलो. इन्व्हर्नेसहून व्हॅन घेतलीत तर उलापूल दीड तासावर आहे.

तिकीट काढताना व्हॅनची लांबी विचारतात. मागे सायकलींचं स्टँड असेल तर ते धरून सांगा. भाडं लांबीवर ठरतं आणि बोटीवर जागाही त्या मापानेच देतात. बोटीवर चढण्याआधी गॅस सिलिंडरचा कॉक बंद करायचा आणि प्रवासभर बंदच ठेवायचा.

वाऱ्यामुळे फेरी रद्द होणं तिथे नेहमीचं आहे. त्यामुळे व्हॅन परत करायच्या दिवसाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवाच. तो दिवस हाताशी असल्यामुळे हवामानाचा निरोप आला तरी आम्ही शांत होतो. सकाळी निवांत चहा घेतला आणि पुन्हा वाळूवर फिरायला गेलो.

एडिंबराहून, दोन लहान मुलांची आई

आम्ही हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉर्गाबोस्टला राहिलो. वाळूच्या टेकड्यांमागे व्हॅन-तंबूंचा तळ आहे. समोर तारांसे बेट आणि उजवीकडे खाडीपलीकडे लस्केंटायरची वाळू. ती वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, रांगोळीसारखी पांढरी आणि बारीक. उन्हात पाणी इतकं हिरवंनिळं दिसतं की फोटो पाहून सासूबाईंनी विचारलं, हे मालदीव का? मग मुलीने त्यांना व्हिडिओवर स्वतःचे लाल झालेले पाय दाखवले. पाणी जुलैतही बर्फासारखं असतं. पोहायचं तर वेटसूट घ्या.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी उजेडाची तयारी करावी. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा हजर असतो. मधल्या वेळातही पुरता अंधार होत नाही. व्हॅनला पडदे होते, तरी कडांमधून उजेड आत यायचा. आम्ही घरून काळं कापड आणि चिकटपट्टी नेली होती, तिचा फार उपयोग झाला. पण रोज ती लावलीच असं नाही. एका संध्याकाळी दोघांनाही झोपायचं नव्हतं. जॅकेटं घालून अकरा वाजता ओहोटीच्या वाळूवर गेलो. वाळूवर पाण्याच्या वळ्या पडल्या होत्या आणि प्रत्येक वळीच्या खाचेत आकाशाचा गुलाबी रंग साचला होता. मुलगा एकेका खाचेत पाऊल ठेवत चालला होता. त्याला ‘चल’ म्हणायची गरज नव्हती, कारण आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

पावसाचंही लिहिते, कारण तो येतोच. व्हॅनमध्ये चौघं, ओले बूट, ओले टॉवेल. दाराशी एक प्लास्टिकचा टब ठेवा आणि बूट त्यातच काढायचे असा नियम करा. पत्ते, चित्रांच्या वह्या, आणि माझ्या आईने सांगितलेल्या गोष्टींचं रेकॉर्डिंग फोनवर उतरवून घेतलेलं. रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशेही आधीच उतरवून ठेवा. व्हॅन लावताना तोंड वाऱ्याकडे करा, म्हणजे रात्री ती कमी हलते आणि सरकतं दार उघडताना वारा थेट आत घुसत नाही.

लीड्सहून

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात. दोन बर्नर असतात, आच घरच्यापेक्षा मंद. तीन लिटरचा छोटा कुकर घरून न्या. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पिठलं सगळं झालं. फोडणी मात्र दार आणि छताची खिडकी उघडी ठेवूनच करा. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेण्याचा विचारही नको, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. व्हॅन ताब्यात घेतानाच त्याचा अलार्म बटण दाबून वाजवून पाहा. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं मुख्य भूमीवरूनच भरून न्या.

लेस्टरहून, आई-बाबांना घेऊन

आई-बाबा सोलापूरहून आले होते, दोघंही सत्तरीपुढचे. ‘म्हाताऱ्या माणसांना गाडीत झोपवणार?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही मधला मार्ग काढला. आई-बाबांसाठी टार्बर्टजवळ एका घरात खोली घेतली आणि आमची व्हॅन जवळच्या तळावर. सकाळी त्यांना घ्यायचं, दिवसभर व्हॅन हेच घर, रात्री पुन्हा सोडायचं. रात्री उठून स्वच्छतागृहात जावं लागणाऱ्या माणसाला व्हॅनची उंच पायरी आणि अंधार यांचा खरंच त्रास होतो. ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा, दृश्यांचा नंतर.

सगळ्यात लक्षात राहिली ती एका विणकराची शेड. हॅरिस ट्वीड या लोकरी कापडासाठी ब्रिटिश संसदेचा १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे : लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड बेटावरच्या माणसाने आपल्या घरी हाताने विणलेलं हवं. तरच त्यावर गोल आणि क्रॉसचा शिक्का बसतो. रस्त्याकडेला पाटी दिसली म्हणून आम्ही थांबलो. आत एक वयस्कर गृहस्थ पायाने पॅडल मारत माग चालवत होते. वीज फक्त डोक्यावरच्या दिव्यापुरती. बाबांची सगळी नोकरी यंत्रमागावर गेली. त्यांना इंग्रजी बेताचंच येतं, पण ते मागाच्या बाजूला जाऊन वाकले, धोटा कुठून कुठे जातो ते पाहिलं आणि तुटलेल्या धाग्याकडे बोट दाखवलं. विणकरबुवांनी माग थांबवला, हसले आणि बाबांनाच गाठ मारायला दिली. बाबांनी ती एका हाताने मारली. नंतर दोघं बराच वेळ कापडाचा काठ अंगठ्याने चाचपत उभे होते. रंगाची गंमत अशी की लोकर कातायच्या आधीच रंगवतात आणि मग वेगवेगळे रंग मिसळून सूत काढतात. लांबून नुसता तपकिरी वाटणारा धागा जवळून पाहिला तर त्यात जांभळा, पिवळा, शेवाळी असे रंग निघतात.

त्या दिवशी ठरवलेलं बाकी काहीच पाहिलं नाही. आईला रोडेलचं सेंट क्लेमेंट चर्च पाहायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी सावकाश पाहिलं.

स्टॉर्नोवेहून, नोकरीनिमित्त इथेच राहणारा

वरचे अनुभव वाचून आनंद झाला. इथल्या रहिवाशांच्या बाजूनेही थोडं लिहितो, जरा कळकळीने.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कुठेही चालायला, तंबू ठोकायला मोकळीक आहे, हे सगळे ऐकून येतात. ती मोकळीक मोटारगाडीला लागू नाही. व्हॅन म्हणजे तंबू नव्हे. रात्र काढायची तर तळ शोधा किंवा गावाच्या ट्रस्टने नेमून दिलेल्या जागा घ्या. उत्तर हॅरिसची जमीन २००३ मध्ये आणि पश्चिम हॅरिसची २०१० मध्ये गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे आली. या जागांचे पैसे तिथेच खर्च होतात. पेटीत पैसे टाकायची सोय असते, कोणी पाहत नसलं तरी टाका.

किनाऱ्यालगत जे हिरवं, फुलांचं मैदान दिसतं त्याला मॅखर म्हणतात. शिंपल्यांची वाळू वाऱ्याने उडून आत येते, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरली, थोडी शेती झाली, त्यातून ही जमीन तयार झाली. जून-जुलैत फुलते, टिटवीच्या जातीचे पक्षी त्यात जमिनीवरच अंडी घालतात. तिच्यावर व्हॅनचं एक चाक रुतलं की गवताचं मूळ तुटतं आणि तिथून वारा वाळू उपसायला लागतो. ‘सुंदर दिसतंय म्हणून इथेच लावू’ ही इच्छा आवरा.

रस्ते एकपदरी. जागोजागी गाडी बाजूला घ्यायला जागा असतात. समोरून गाडी आली की आपल्या डाव्या हाताच्या जागेत शिरायचं. जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर, आपल्याच बाजूला थांबायचं. मागे कोणी असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या. ती शाळेची गाडी असेल, नर्स असेल. आणि तिथे थांबून फोटो काढू नका, चहा तर मुळीच नाही. पूर्व किनाऱ्यावरचा गोल्डन रोड वळणावळणाचा आणि अरुंद आहे, मोठ्या मोटरहोमने तिकडे जाऊ नये.

रविवार इथे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा वार आहे. स्टॉर्नोवेहून रविवारची फेरीसुद्धा २००९ मध्ये सुरू झाली. हॅरिसला दुकानं, पंप जवळपास सगळं बंद असतं. शनिवारीच डिझेल, दूध, पाव घेऊन ठेवा. बऱ्याच तळांवर त्या दिवशी नवे पाहुणे घेत नाहीत. जुन्या मंडळींच्या घरी रविवारी दोरीवर कपडेही वाळत घालत नाहीत, तेव्हा व्हॅनबाहेर टॉवेलांची रांग लावू नका. निवांतपणा शोधत आला असाल तर हा दिवस तुमच्यासाठीच आहे.

आणि संडासाची कॅसेट, म्हणजे व्हॅनमधल्या संडासाखालची मैला साठणारी पेटी. ती रिकामी करायची जागा तळावर नेमून दिलेली असते, फक्त तिथेच. ओढ्यात नाही, सार्वजनिक स्वच्छतागृहात नाही.

पुण्याहून, भूगर्भशास्त्र शिकवणारी

एकच भर घालते. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. हॅरिस-लुईसचा पट्टेदार नाइस खडक काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांपर्यंत जुना आहे. लुईसमधल्या कॅलनिशचे उभे दगड याच खडकाचे, सुमारे ५००० वर्षांपूर्वी माणसांनी रोवलेले. पाऊस पडून गेल्यावर लगेच जा. ओल्या दगडावरचे पांढरे-काळे-गुलाबी पट्टे स्पष्ट दिसतात, आणि बसमधली माणसं तेव्हा आत कॉफी पीत असतात.

मुंबईहून, पुढच्या वर्षी जाणार

भारतीय परवान्यावर व्हॅन चालवता येते का?

ग्लासगोहून, पुन्हा

हो. ब्रिटनमध्ये आल्यापासून १२ महिन्यांपर्यंत चालतो. माणसं-सामान धरून एकूण वजन ३.५ टनांपर्यंत असलेली व्हॅन घ्या, भाड्याच्या बहुतेक कॅम्परव्हॅन त्यातच बसतात. मात्र वयाची आणि परवाना किती वर्षं जुना हवा याची अट प्रत्येक कंपनीची वेगळी, ती लेखी विचारून घ्या. गिअरची व्हॅन नको असेल तर ऑटोमॅटिक आत्ताच सांगून ठेवा, त्या कमी असतात. गाडी डावीकडूनच चालवायची आहे, त्याची काळजी नाही. सवय करावी लागते ती रुंदीची.

मुंबईहून

आभार. आणि त्या चावणाऱ्या बारीक मिज किड्यांचं काय? स्कायला फार ऐकलंय.

एडिंबराहून

साधारण मेअखेर ते सप्टेंबर. वारा असला की उडत नाहीत, आणि पश्चिम किनाऱ्यावर वारा बहुतेक असतोच. वारा पडलेल्या दमट संध्याकाळी मात्र जाळीची टोपी डोक्यावर हवी. एप्रिलअखेर ते मेचा दुसरा आठवडा जमत असेल तर तेव्हा जा. किडे नाहीत, तळ उघडलेले असतात, कोकरं नुकती जन्मलेली असतात आणि फेरीत जागाही मिळते. थंडी असते, रात्री जाड रजई लागेल. फुलं हवी असतील तर जूनअखेर. मग टोपी घ्या.