कोजागिरीच्या यादीत रिसोटो कोणी घातला?

अण्णा (ए-101): बोर्डावर कोजागिरीची यादी आहे. मसाला दूध, भेळ, बटाटेवडे. त्याखाली पेनाने 'रिसोटो' कोणी लिहिलंय? मीटिंगमध्ये हे ठरलेलं नव्हतं.

सानिका (बी-304): मी लिहिलं अण्णा. घरच्या घरी होतो, सोपा असतो. मागच्या वर्षीची भेळ आठवा जरा.

मंजूकाकू (ए-203): मागच्या वर्षीची भेळ मी केली होती 🙏

सानिका: काकू, तसं नाही हो. चुरमुरे सादळले त्याला तुम्ही काय करणार?

बाळादादा (ए-302): पंपाचं काय झालं?

सेक्रेटरी: बाळादादा, तो विषय इथे नको.

अण्णा: पदार्थ काय आहे ते तरी कळू दे.

सानिका: उत्तर इटलीतला भात. मिलानला केशर घालून करतात. बारीक कांदा लोण्यात परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही. त्यात कोरडा तांदूळ कड पारदर्शक दिसेपर्यंत परतायचा. मग भाज्या उकळलेलं गरम पाणी, पळी पळी. एक पळी आटली की दुसरी, ढवळणं चालूच. 18-20 मिनिटं. गॅस बंद करून लोणी नि किसलेलं चीज घालून घोटायचा. ताटलीत आपोआप पसरला पाहिजे, ढीग राहिला तर घट्ट झाला समजायचं.

मंजूकाकू: तांदूळ धुवायचा कधी?

सानिका: धुवायचाच नाही. वरची पिठी धुऊन गेली की दाटपणा गेला.

अण्णा: म्हणजे आटवल, आपला मऊ भात. वर्गणी काढून आजाऱ्याचं जेवण.

तेजस (बी-102): अण्णा, आटवलीवर चीज किसा, हॉटेलात चारशेला जाते 😂

बाळादादा: गावचा उकडा आहे घरात पोतंभर. देऊ?

सानिका: उकडा नको दादा. तो सालासकट वाफवलेला, दाणा सुटाच राहतो. खरा त्यांचा आर्बोरिओ तांदूळ लागतो, पण आपला आंबेमोहर चालतो. लवकर शिजतो तेवढं लक्षात ठेवायचं, बाराव्या मिनिटापासून दाणा चावून बघायचा.

मंजूकाकू: आमच्या वर्षभराच्या तांदळाला बोरिक पावडर लावलेली आहे. तो न धुता पोरांच्या पोटात घालायचा?

सानिका: नाही नाही, तो अजिबात नको! बिनपावडरचा वेगळा आणू.

नेहाताई (बी-201): यात वाइन घालतात ना?

सेक्रेटरी: सोसायटीच्या आवारात नाही.

सानिका: शेवटी लिंबू पिळलं तरी भागतं.

तेजस: अण्णांच्या वाटीत कोकमाचं आगळ घाला.

अण्णा: तेजस, आधी माझ्या जागेतली तुझी बाइक काढ.

भाभी (बी-202): अस्सल पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. आमच्याकडे चालत नाही. आधीच सांगितलेलं बरं.

सानिका: बरोबर आहे भाभी. पाकिटावर हिरवा ठिपका असलेलंच आणू.

बाळादादा: मिरकरवाड्यातून कोलंबी आणतो. डोकी नि सालं उकळा, त्याच पाण्यात भात करा. बघा चव!

सानिका: चव भारीच येईल दादा. त्यात मात्र चीज नको, मासळीच्या रिसोटोत इटलीवालेही सहसा घालत नाहीत.

अण्णा: कोजागिरीला कोलंबी??

बाळादादा: मी आपलं सुचवलं.

मंजूकाकू: तांदूळ धुऊन वाळवला तर?

सेक्रेटरी: माणसं चाळीसच्या वर आहेत. ढवळणार कोण?

सानिका: अडचण तीच आहे. चार जणांना दीड वाटी तांदूळ नि सव्वा लिटर पाणी, हे सहज जमतं. पण गार झाला की गच्च होतो, केल्या केल्या वाढावा लागतो. हॉटेलवाले अर्धा शिजवून परातीत पसरून गार करतात, ऐनवेळी गरम पाणी घालून पुरा करतात.

अण्णा: परात माझी मिळणार नाही. गणपतीत नेलेली अजून परत आलेली नाही. कोणाकडे आहे ते त्यांना माहीत आहे.

नेहाताई: अण्णा, आणून देते उद्या.

सेक्रेटरी: ठरलं. दूध, भेळ, वडे तसेच राहतील. रिसोटो सानिकाच्या घरी, एका पातेल्याचा, चाखण्यापुरता. यावर आता चर्चा नको.

मंजूकाकू: मी दोन वाट्या धुऊन पंख्याखाली घातलाय. सानिका, संध्याकाळी घेऊन जा.