घसारा विसरलात

कंपन्यांचा कर कसा कमी होतो असं विचारलं की 'कर्ज जास्त तितका कर कमी' हे उत्तर मिळतं. ते बरोबर, कारण व्याज खर्चात जातं. पण परदेशी मूळ कंपनीकडून घेतलेल्या कर्जावरचं व्याज एक कोटीच्या वर गेलं की 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 94बी आडवं यायचं: व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या 30 टक्क्यांपर्यंतच वजावट, उरलेलं पुढच्या वर्षांत. कारखान्यात खरा खेळ घसाऱ्याचा, म्हणजे मशीन झिजते म्हणून तिच्या किमतीचा दरवर्षी खर्चात टाकता येणारा भाग. मी गोव्यात वेर्ण्याला एका युनिटच्या अकाउंट्समध्ये होतो. नवीन मशीन वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा निम्मा, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती चालू हवीच. आणि त्याआधी ऐन घाईत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी! फिटर गावाला, मालक माझ्या टेबलापाशी. (कर चुकवणं नव्हे हो हे, कायद्यातलीच सवलत.)

2019 नंतर हिशोब बदलला. त्याच कायद्याच्या कलम 115बीएए खाली कंपनीने 22 टक्के हा कमी दर घेतला की उत्पादकांना मिळणारा 20 टक्के अतिरिक्त घसारा गेला, साठलेलं मॅट क्रेडिटही (किमान पर्यायी कर म्हणून आधी जादा भरलेली, पुढच्या करातून वळती होणारी रक्कम) तेव्हा जायचं. त्यामुळे ज्यांच्याकडे ते क्रेडिट भरपूर होतं ते जुन्या दरातच थांबले. कुठला दर परवडेल हे नुसता नफा बघून कळत नाही.