मंगळवारच्या प्रार्थनेला माळकरी रूममेट बसला तर काय बिघडतं?

पोवईनाका_कट्टा: साताऱ्यात तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हा ख्रिस्ती मुलामुलींचं छोटं प्रार्थना मंडळ आहे. मंगळवारी शेवटचा तास सुटला की जिमखान्यामागच्या पिंपळाच्या पारावर आठ-दहा जण बसतो. एक गीत, मार्काच्या शुभवर्तमानातली काही वचनं, मग 'कुणासाठी प्रार्थना करायची?' कुणाची एटीकेटी असते, कुणाच्या घरी ऊस गेला तरी बिल आलेलं नसतं.

माझा रूममेट वारकरी घरातला. वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा तो येऊन बसला, नंतर येतच राहिला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग लागले की डब्याच्या झाकणावर असा ठेका धरतो की आमची गिटार गप्प बसते. आता दोन सीनियर म्हणतात, बाहेरच्यांना बसवू नका. मला हे पटत नाही. दार लावून प्रार्थना करायला लागलो तर लोकांना संशय यायचाच. तुमचं काय म्हणणं?

अजिंक्यतारा_सकाळी: सीनियर बरोबर आहेत. माणूस हळवा असतो तेव्हाच तुमची प्रार्थना पुढे येते, मला खटकतं ते इथेच. बाप ऑपरेशन टेबलवर असताना पोरगं 'नको' म्हणेल का? कॉलेज शिकायला आहे.

पोवईनाका_कट्टा: बोलावलं नव्हतं, तो स्वतः आला. आणि त्याच पारावर गुरुवारी दत्ताची आरती होते, तिथे मी प्रसाद खातो.

अजिंक्यतारा_सकाळी: प्रसाद खाणं वेगळं, डोळे मिटून 'येशूच्या नावात' म्हणणं वेगळं. उगाच एका तागडीत घालू नका.

शाहूपुरीची_आत्या: अरे, हे साताऱ्यातच घडून गेलंय! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये इथेच 'देवाचा दरबार' नावाचं मंडळ सुरू केलं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. मिशनची नोकरी सोडून ते संन्याशासारखे राहिले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. पाच वर्षं वाट पाहिली माणसाने.

अजिंक्यतारा_सकाळी: म्हणजे शेवटी झालाच ना!

शाहूपुरीची_आत्या: झाला, पण बाईंच्या मनाने. नवऱ्याचं सगळं मुकाट ऐकणारी बाई नव्हती ती.

जुना_पारकरी: मी २००९ ला अशाच मंडळात होतो. 'बसवू नका' म्हणणाऱ्यांना भित्रे ठरवू नका. आमच्या वेळी एकाच्या घरी कुणीतरी फोन केला, 'तुमचा मुलगा बाटतोय.' वडील एसटीने आले आणि पोराला हॉस्टेलवरून घेऊन गेले. त्याचं वर्ष गेलं. आम्ही घरी जाऊन आलो, आमचं काही बिघडलं नाही. भोगलं त्याने.

कायदा विचाराल तर, संविधानाचं कलम २८ अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक उपासनेला बसवू देत नाही. स्वतःहून बसणाऱ्याला ते अडवत नाही. पण गावात कलम कोण वाचतं?

पोवईनाका_कट्टा: हा किस्सा माहीत नव्हता. मग काय करू, त्याला उठवू?

जुना_पारकरी: उठवू नको. त्याच्या घरी त्याने स्वतः सांगितलंय का, ते विचार. नसेल सांगितलं तर आधी सांगू दे. आणि तो असेल तेव्हा साक्षी, 'प्रभूने मला बरं केलं' वगैरे आवरतं घ्या. शास्त्र वाचा, गा, प्रार्थना करा, उठा.

अजिंक्यतारा_सकाळी: निदान हे तरी सरळ बोललात. पटलं नाही, पण सरळ आहे.

पोवईनाका_कट्टा: रात्री विचारलं. आईला पहिल्याच आठवड्यात सांगितलंय म्हणे. आई म्हणाली, 'माळ काढू नको आणि जेवण चुकवू नको.' वडिलांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी गावी जातोय, तेव्हा बोलेल. तोवर या मंगळवारी तो येणार नाही, असं त्यानेच ठरवलं.