मदत हवी आहे : डुकरांचा ताप, लेसर आणि सिरॅमिक, आईवडिलांना कळेल अशा मराठीत

नमस्कार मंडळी,

डिचोलीत ३१ वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. आमच्या वाचनालयात २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो. यंदा बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही असं ठरलंय, कारण माझ्याच वर्गातली तीन मुलं आज संशोधन करतायत : एक मुलगी डुकरांच्या रोगावर, एक मुलगा लेसरवर, दुसरा सिरॅमिकच्या चाचण्यांवर. तिघांच्या कामाचे मराठी फलक करतेय. ते त्यांच्या आईवडिलांना वाचून कळले पाहिजेत, ही माझी एकच अट. मुलं चतुर्थीला नाहीतर नाताळाला येतात, चार दिवस राहून जातात, आणि पोर नेमकं करतं काय ते आईला सांगता येत नाही. हे मला फार लागतं.

अडचण पहिली, आणि सगळ्यात मोठी. आफ्रिकन स्वाइन फीवरला मी कच्च्या मसुद्यात ‘डुकरांचा ताप’ लिहिलं आणि वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. लोकांनी वाचला स्वाइन फ्लू. त्या मुलीची आई घरामागे डुकरं पाळते, चोरीस (डुकराच्या मांसाचे गोव्यातले मसालेदार सॉसेज) करून बाजारात विकते. दोन दिवस तिच्या चोरिसाच्या माळा तशाच लटकत राहिल्या. मी जाऊन माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, “बाई, तुमी बरें करपाक गेल्लीं.” पण चूक माझ्या शब्दाची होती, आणि म्हणूनच इथे आले.

मला माहीत असलेलं सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. हा रोग केनियात पहिल्यांदा नोंदला गेला, १९२१ साली. २००७ मध्ये जॉर्जियात पोचला, २०१८ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आणि २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये. माणसाला होत नाही. डुकराला झाला तर बहुतेक वाचत नाही. आता हे सगळं एका फलकावर, न घाबरवता आणि न लपवता, कसं लिहू?

दुसरी अडचण लेसरची. पाठ्यपुस्तकात तरंगाच्या अवस्थेला ‘कला’ म्हणतात, म्हणून मी ‘सगळे तरंग एकाच कलेत’ असं लिहिलं. वाचनालयाच्या सचिवांना त्यात चंद्राची कला दिसली, त्यांच्या सौंना नाट्यकला. वर्गात फळ्यावर तरंग काढून दाखवता यायचे, इथे फलकापुढे माणूस मिनिटभर उभा राहणार.

तिसरी सिरॅमिकची. हा मुलगा डिचोलीच्या कुंभाराचा. तो सांगतो, आम्ही नमुने मोडतो आणि किती जोर लागला ते मोजतो. वडील मला विचारतात, “म्हजो पूत मडकीं फोडपाचो पगार घेता?” ते चेष्टेत म्हणत नाहीत. ज्याने जन्मभर मडकं फुटू नये म्हणून भट्टी सांभाळली, त्याला हे खरंच कोडं आहे. हार्डनेस, स्ट्रेंग्थ, टफनेस या तिन्हींना मी ‘कणखरपणा’ लिहून बसलेय, ते तर साफ चुकीचं आहे.

कुणी मदत कराल का?

गुरांचा डॉक्टर :
बाई, आधी ‘ताप’ हा शब्दच काढा. ‘डुकरांची मर’ लिहा. कोंबड्यांची मर आपल्याकडे सगळ्यांना कळते, आणि मर म्हटलं की ती जनावराची, माणसाची नव्हे, हे आपोआप येतं. खाली एक ओळ ठळक : “हा स्वाइन फ्लू नव्हे.” फ्लूचा विषाणू वेगळ्याच कुळातला, आणि २००९ ची साथ माणसाकडून माणसाकडे पसरली होती.

आणखी एक घोटाळा आधीच मिटवा. क्लासिकल स्वाइन फीवर म्हणून दुसराच रोग आहे. लक्षणं इतकी सारखी की डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याची लस आपल्याकडे मिळते, पण ती आफ्रिकनवर चालत नाही. व्हिएतनामने २०२३ मध्ये आफ्रिकनवरच्या लशींना परवानगी दिली, आपल्याकडे लस वापरात नाही. म्हणजे “आमच्या डुकरांना टोचलंय” म्हणणारा मालक निर्धास्त राहतो आणि तिथेच फसतो. नक्की निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. एकदा ते झालं की १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात.

गोव्यासाठी महत्त्वाचं : किनाऱ्यावरच्या हॉटेलांतलं उरलंसुरलं आणून डुकरांना घालतात. विषाणू मुरवलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो. ६० अंशांवर २० मिनिटांत मरतो खरा, पण भांड्यात हाडं आणि मांसाचे तुकडे असतात, आत उष्णता लवकर पोचत नाही. म्हणून ९० अंशांवर तासभर, ढवळत ढवळत. फलकावर चुलीवरच्या मोठ्या पातेल्याचं चित्र काढा, खाली ‘तासभर उकळा, मगच घाला’. ‘जैवसुरक्षा’ वगैरे लिहू नका. चोरीस खाण्याने माणसाला हा रोग होत नाही, हेही त्या माउलीसाठी मोठ्या अक्षरांत लिहा. फक्त चोरिसाची सालं आणि तुकडे डुकरांच्या डोणीत जाता कामा नयेत.

भट्टीजवळचा :
मी टाइल्सच्या कारखान्यात चाचणी विभागात होतो. तुमचे तीन शब्द : कठीणपणा, ताकद, चिवटपणा. ओरखडा किंवा खळगा पडू न देणं म्हणजे कठीणपणा. मोडेपर्यंत किती भार घेतला ती ताकद. तडा गेल्यावर तो पुढे पळू न देणं म्हणजे चिवटपणा. सिरॅमिक कठीण असतं, चिवट नसतं, सगळं दुखणं तिथेच.

विकर्सच्या चाचणीत हिऱ्याचं चौकोनी टोक पृष्ठभागावर दाबतात. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी खळगा दिसतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून केसासारखे तडे निघालेले दिसतात. खळग्यावरून कठीणपणा कळतो, तड्यांच्या लांबीवरून चिवटपणाचा अंदाज बांधतात.

मोडायचं का, याचं उत्तर कुंभारालाच ठाऊक आहे. एकाच मातीची, एकाच भट्टीतली दहा मडकी सारखी टिकत नाहीत. कुठे खडा राहिला, कुठे हवेचा बुडबुडा. मडकं तिथूनच जातं. लोखंडाची सळई कमीजास्त सारख्याच भाराला वाकते, सिरॅमिकचं तसं नाही. म्हणून ३ बाय ४ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या तीसेक तरी मोडतात आणि किती भाराला किती मोडल्या ते मांडतात. हे गणित स्वीडनच्या वायबुल यांनी १९३९ मध्ये मांडलं.

आणि एक. कुंभार मडक्यावर टिचकी मारतो, खणखणीत वाजलं तर अख्खं, बद्द वाजलं तर तडकलेलं. प्रयोगशाळेतही पट्टीवर हलकी टिचकी मारून आवाजाची कंप्रता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती मोजतात आणि त्यावरून पदार्थ किती ताठ आहे ते काढतात. बापाची टिचकी आणि पोराची टिचकी शेजारी शेजारी छापा.

फोंड्याची माई :
लेसरसाठी शिगम्याचा रोमटामेळ, म्हणजे ढोलाच्या तालावर नाचत जाणारी मिरवणूक, घ्या ना. साध्या दिव्याचा उजेड म्हणजे जत्रेच्या गर्दीतले ढोल, ज्याला जसं वाटेल तसं बडवतोय. रोमटामेळात एकाचा ठोका पडला की शेजारचा त्याच ठोक्यावर, त्याच दिशेने पावलं टाकत. लेसरमध्ये एक प्रकाशकण जागृत, म्हणजे आधीच ऊर्जा घेतलेल्या, अणूजवळून गेला की तो अणू अगदी तसाच दुसरा सोडतो, त्याच रंगाचा, त्याच ठोक्यावर. ‘कला’ऐवजी ‘ठोका’ लिहा.

पहिला लेसर अमेरिकन शास्त्रज्ञ मेमन यांनी १६ मे १९६० ला चालवला, तो माणकाचा होता. माणिक म्हणजे क्रोमियमचा अंश असलेलं अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड), आणि अ‍ॅल्युमिना हे सिरॅमिकवाल्यांचं रोजचं. तुमची दोन मुलं दिसतात त्याहून जवळची आहेत बरं.

धागाकर्ती :
काय बोलू! काल संध्याकाळी कुंभारांकडे गेले. टिचकीचं सांगितलं. ते उठले, ओट्यावरचं मडकं हातात घेतलं, बोटाच्या पेराने वाजवलं आणि मग पोराला फोन लावून विचारलं, “तूंय हेंच करता?” बराच वेळ ते दोघं बोलत होते, मी चहा घेऊन निघाले.

माईंच्या माणकावरून लेसरवाल्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला की लेसरचा एक झटका सिरॅमिकच्या चकतीला एका बाजूने देतात आणि दुसरी बाजू किती वेळात तापते ते मोजतात, पद्धत १९६१ ची आहे, तेव्हा झटका लेसरऐवजी दिव्याचा असायचा. तो फलक आता दोघांचा मिळून होईल. डुकरांची मर मात्र स्वतंत्रच ठेवते, तिथे जोडणी ओढून आणायची नाही.

एक अजून उरलंय. ‘डुकरांची मर’ त्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मर शब्द बरा, पण ‘मेलेलं डुक्कर नदीत टाकू नका, खोल पुरा आणि गुरांच्या दवाखान्यात कळवा’ हे कुठेच नाही. खरंच नव्हतं. डॉक्टर, पुरताना चुना किती, खड्डा किती खोल, हे फलकावर देता येईल अशा दोन ओळींत लिहून द्याल का? फलक शुक्रवारी रंगवायला जातोय.