घरचा सिनेमा आणि बाहेरची भटकंती: सांगड कशी घालावी?

सांजवारा

आमच्याकडे आठवड्यातून एका रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा शिरस्ता आहे. मुलं दोन, थोरली १० वर्षांची, धाकटा ५. आता त्याला भटकंतीची जोड द्यायची आहे. म्हणजे समुद्राचा सिनेमा पाहिला की किनारा, अंतराळाचा पाहिला की रात्रीचं आकाश, प्राण्यांचा पाहिला की झाडझाडोरा. कागदावर झकास वाटतं, पण घोडं तीन ठिकाणी अडतं.

१. बाहेर गेल्यावर दहाव्या मिनिटाला "सिनेमातल्यासारखं इथे काहीच नाहीये" सुरू होतं.
२. धाकट्याला झेपेल ते थोरलीला पोरकट वाटतं, आणि तिला रुचेल त्यात तो कंटाळतो.
३. सिनेमा आधी की भटकंती आधी? मध्ये किती दिवस जाऊ द्यावेत?

"मुलांना निसर्गात न्या" छापाचे सल्ले नकोत. काय न्यायचं, कधी पोचायचं, काय फसतं आणि का, ते सांगा.

पायवाट

पहिला मुद्दा सुटला की उरलेले निम्मे सुटतात.

सिनेमातला मुंगळा पडदाभर दिसतो, कारण कॅमेऱ्याला मॅक्रो भिंग असतं. शिकार अर्ध्या मिनिटात उरकते, कारण कित्येक आठवड्यांच्या चित्रणातलं तेवढंच ठेवलेलं असतं. निसर्गपटातले पावलांचे, चावण्याचे, पंखांचे आवाजसुद्धा बऱ्याचदा मागाहून स्टुडिओत भरलेले असतात. मुलांना हे ठाऊक नसतं, म्हणून खरं जंगल त्यांना बिघडलेल्या सिनेमासारखं वाटतं. तेव्हा "सिनेमात पाहिलं ते बघायला जाऊ" असं कधीच म्हणू नका. सिनेमातली एकच गोष्ट उचला आणि "हे खरं असेल का, ते तपासू या" म्हणा. आणि ती गोष्ट तिथे हमखास सापडणारी हवी. वाघ हमखास नसतो. मुंग्या, कोळी, चंद्र, ओहोटी, झाडाची साल हमखास असतात.

प्राण्यांच्या सिनेमानंतर अंधारात कोळ्यांचे डोळे शोधणं करून बघा. गवताळ जागा, पूर्ण अंधार, एक टॉर्च. टॉर्च कानशिलाला टेकवून किंवा कपाळावर धरून चारपाच मीटरवरच्या गवतावर झोत टाकायचा. दवबिंदूसारखे बारीक हिरवट-पांढरे ठिपके चमकतात. एका ठिपक्यावरून नजर न हलवता चालत गेलं की तिथे लांडगा कोळी बसलेला असतो. इथे नव्वद टक्के लोक टॉर्च कमरेपाशी धरतात आणि "काही नाही इथे" म्हणून परत येतात. कोळ्याच्या डोळ्यातला परावर्तक थर उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे तुमचा डोळा टॉर्चच्या शेजारी नसेल तर चमक दिसतच नाही. दव पडलेल्या रात्री थेंबही चमकतात. डोकं थोडं हलवलं की थेंबाची चमक रंग बदलते किंवा विझते, कोळ्याची टिकून राहते.

यात तुमचा दुसरा मुद्दाही येतो. धाकटा ठिपके मोजतो. थोरली टॉर्च कपाळापासून दहादहा सेंटीमीटर खाली आणत कुठल्या उंचीला ठिपका विझतो ते वहीत लिहिते. जागा एक, काम दोन. दोघांना एकच काम दिलं की एकजण हमखास रडतो.

तिसरा मुद्दा: सिनेमा आधी, भटकंती ४८ तासांच्या आत. मात्र लगेच दुसऱ्या पहाटे नको. रात्री साडेदहाला सिनेमा संपवून सकाळी सहाला उठवलेलं पाच वर्षांचं मूल कुठलाही पक्षी बघत नाही. सिनेमा ९० मिनिटांच्या आतला निवडा आणि झोपेच्या वेळेच्या तासभर आधी संपेल असा लावा. तो लांब असेल तर सरळ दोन रात्रींत तोडा. अर्ध्यावर थांबवल्याने काही बिघडत नाही, उलट पुढे काय याचे तर्क लढवले जातात.

आणि सिनेमा चालू असताना प्रश्न विचारू नका. मध्येमध्ये थांबवून "हा कुठला मासा सांग" केलं की सिनेमाची शाळा झाली. संपल्यावर प्रत्येकाने एक खरी वाटलेली आणि एक थाप वाटलेली गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, बास. धाकटा चित्र काढेल. त्यातलीच एक चिठ्ठी भटकंतीचा विषय.

खडूफळा

वरच्याला बहुतांश +१, पण क्रमाबद्दल मतभेद. सात वर्षांखालच्या मुलांसाठी भटकंती आधी, सिनेमा नंतर ठेवा. ज्याने कधी खेकडा पाहिलाच नाही, त्याच्यासाठी पडद्यावरचा बोलका खेकडा हाच मूळ खेकडा होऊन बसतो आणि खरा मुका निघतो. उलट क्रमात मूल सोफ्यावरून ओरडतं, "खोटं आहे, तो तिरका चालतो!" नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र आधी सिनेमा चालतो, त्यांना थाप पकडायची मजा कळू लागलेली असते.

एक तयार खेळ देतो. पांढऱ्या डोक्याचा गरुड पडद्यावर झेपावतो तेव्हा ऐकू येणारी ती लांब, खरखरीत किंकाळी बहुतेक वेळा त्याची नसतेच, लाल शेपटीच्या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. गरुडाचा खरा आवाज बारीक आणि किणकिणता, एवढ्या धिप्पाड पक्ष्याला न शोभणारा. म्हणून सिनेमावाले तो बदलतात. हे कळलेली मुलं बाहेर पक्षी "बघायला" नाही तर "ऐकायला" बसतात. डोळे मिटून पाच मिनिटं, दर नव्या आवाजाला एक बोट उघडायचं. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत दोन्ही हातांची बोटं सहज संपतात, दुपारी दोनला एका हाताचीही उघडत नाहीत.

ताराबिरा

आकाशाचं मी सांगतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिनेमा संपला की लगेच गच्चीवर. उजळ पडद्यावरून उठलेले डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं घेतात. मुलं दोन मिनिटं वर बघतात, चार तारे दिसतात, खाली पळतात. त्यातून कुणी मोबाइल उघडला की घड्याळ पुन्हा शून्यावर. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाच्या तीनचार घड्या रबरबँडने बांधा, लाल मंद उजेडाने सराव फारसा मोडत नाही. आणि त्या अर्ध्या तासाला काहीतरी काम द्या.

माझं ठरलेलं काम: एक फुटबॉल, एक टेनिस बॉल. फुटबॉल पृथ्वी, टेनिस बॉल चंद्र (थोडा मोठा होतो, पण चालतं). मुलांना म्हणायचं, चंद्र योग्य अंतरावर नेऊन ठेव. जवळजवळ प्रत्येकजण हातभर अंतरावर ठेवतो, कारण पुस्तकातल्या चित्रात तसाच असतो. मग सुतळी उलगडा: फुटबॉलचा व्यास २२ सेंमी, त्याच्या तीसपट, म्हणजे साधारण ६.६ मीटर. आता विचारा, माणसं राहतात ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कुठे? सगळी पोरं दोन चेंडूंच्या मध्ये कुठेतरी बोट दाखवतात. ते खऱ्या अंतरात जमिनीपासून सुमारे ४०० किमी वर आहे, म्हणजे फुटबॉलपासून ७ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं अंतर. थोरली तिथे गप्प होते की नाही बघा.

नंतर ते स्थानकच दाखवा. सूर्यास्तानंतरच्या दीडदोन तासांत किंवा पहाटे तसंच दिसतं. तुमच्या गावावरून ते कधी जाणार याची वेळ आणि दिशा आधी इंटरनेटवर बघून ठेवा, कारण रोज दिसत नाही. न मिचमिचणारा ठळक ठिपका, फार तर पाचसहा मिनिटांत आकाश ओलांडतो. मिचमिचला तर विमान. मध्येच विझला तर ढग शोधू नका, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं.

चंद्र बघायला पौर्णिमा निवडू नका. सूर्य समोरून पडतो, सावल्या नाहीत, सगळं सपाट. शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीला अर्धा चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो. उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा साध्या दुर्बिणीतूनही खोदल्यासारख्या दिसतात.

ओहोटी

ताराबिरा यांनी वेळेचं सांगितलं, किनाऱ्याचं तर सगळं गणित वेळेचंच. "रविवारी सकाळी जाऊ" हे इथे चालत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा ओहोटी येते आणि रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची ओहोटी धरा (पाणी सर्वांत मागे तेव्हाच जातं) आणि त्या तारखेवरून सिनेमाची रात्र ठरवा. उलटं केलंत तर भरतीत नुसती वाळू बघून याल.

ओहोटीच्या तळाच्या तास-दीड तास आधी पोचा, म्हणजे पाण्यामागोमाग खडकांत उतरता येतं. पाणी वळलं की निघा. पाठीमागचा सखल भाग आधी भरतो आणि परतीची वाट तुटते, तेव्हा उतरतानाच ती वाट बघून ठेवा. एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे लक्ष ठेवायचं, फोटो काढायचे नाहीत.

सामान फार नको. मागे पट्टा असलेल्या, घट्ट बसणाऱ्या चपला, गोड्या पाण्याची बाटली, आणि पारदर्शक प्लास्टिकचा सपाट तळाचा डबा. डबा पाण्यावर किंचित दाबून त्यातून खाली बघायचं. तरंग आणि चकाकी मोडते, तळ काचेसारखा स्वच्छ दिसतो. मासे पकडायची जाळी नेऊ नका, जाळी हातात आली की बघणं संपतं.

पद्धत: मोरीएवढं एकच डबकं निवडा. सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. पहिली दोन मिनिटं डबकं रिकामं. मग एक "शंख" चालू लागतो, म्हणजे रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा. मग खडकाच्याच रंगाचा मासा सरकतो. पाच वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं गप्प बसवायला वाळूचं घड्याळ द्या, चालतं. दगड उलटला तर होता तसाच पालथा ठेवायचा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. आणि शंकूच्या आकाराचा शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलू द्यायचा नाही, त्यातल्या काही जातींचा डंख जीवघेणा असतो. वाळूवर पडलेला जेलीफिश मेलेला दिसला तरी डसू शकतो.

सांजवारा

मंडळी, भरपूर मिळालं, आभार. क्रमाबद्दल दोन्ही बाजू पटल्या, धाकट्याला आधी बाहेर आणि थोरलीला आधी सिनेमा असं एका घरात कसं जमवायचं ते बघते. दोन शंका. घरातली दुर्बीण (१०×५०) धाकट्याला दिली की "काळं दिसतं" म्हणतो. तो कंटाळतो की खरंच काही दिसत नाही? आणि पावसाने बाहेर पडणंच रद्द झालं तर?

पायवाट

खरंच दिसत नसणार. लहान मुलांच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ५० मिमीच्या आसपास असतं आणि बऱ्याच दुर्बिणी ५६ मिमीच्या खाली मिटतच नाहीत. एका नळीतून दिसतं, दुसरीतून काळी कड. शिवाय १०×५० किलोभर भरते आणि दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट करते. त्याला एकाच डोळ्याने बघू द्या आणि दुर्बीण भिंतीवर किंवा पिशवीवर टेकवा. नवी घेणार असाल तर ६ किंवा ८ पटीची, ४०० ग्रॅमच्या आतली, आणि दुकानात त्याच्याच डोळ्याला लावून घ्या. सूर्याकडे वळवायची नाही, हा नियम दर वेळी नव्याने सांगायचा.

भिंगाचंही तसंच. १० पटीचं भिंग डोळ्याला जवळपास चिकटवून वस्तू अडीच सेंटीमीटरवर आणावी लागते, लहानांना ते जमत नाही. त्याला ३ पटीचं मोठं भिंग द्या, वस्तू आठेक सेंटीमीटरवर स्पष्ट होते. १० पटीचं थोरलीला.

खडूफळा

पावसाच्या दिवसासाठी: पडदा सोडून कॅमेऱ्याच्या मागे जा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा (नाहीतर प्रत्येक चित्राचा उजेड वेगळा येऊन सिनेमा लुकलुकतो), खिडकीचा पडदा ओढा, एकच दिवा लावा. मातीचा किडा दर फोटोला अर्धा सेंटीमीटर सरकवायचा. सेकंदाला १२ चित्रं धरली तर ५ सेकंदांना ६० फोटो, धाकट्याची मर्यादा तेवढीच. दहा सेकंदांचा हट्ट धरलात तर ऐंशीव्या फोटोला किडा लाडू होतो.

दुसरा प्रकार दादासाहेब फाळक्यांच्या वाटेने: त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी चित्रित करून तिचा सिनेमा केला होता. कापसावर कडधान्याचा दाणा, दर १० मिनिटांना आपोआप एक फोटो, दिवसाला १४४. सेकंदाला २४ ने चालवले तर एका दिवसाचे ६ सेकंद. मोबाइल चार्जरला जोडलेला ठेवा, जुना असेल तर उत्तम, कारण पाच दिवस त्याला हात लावायचा नाही. दिवा वरून लावा. बाजूला लावलात तर कोंब तिकडे वाकून चौकटीबाहेर जातो. अर्थात थोरलीला ते मुद्दाम करून बघायचं असेल तर लावू द्या बाजूला, आणि तिसऱ्या दिवशी दिवा दुसऱ्या बाजूला हलवायला सांगा.