डोंबिवलीत तुमच्या घरचे मत कशामुळे ठरले आणि कशामुळे हलले? – अनुभव धागा

पत्र्याचीपेटी
आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. माळा रिकामा करताना बाबांच्या पेटीत मतदारचिठ्ठ्यांचा वाटायचा राहून गेलेला एक गठ्ठा सापडला. शाई तपकिरी झाली आहे, पण भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि नाव हे तिन्ही रकाने अजून स्वच्छ वाचता येतात. १९७७ साली आपण ठाणे लोकसभा मतदारसंघात होतो आणि रामभाऊ म्हाळगी जनता पक्षाचे उमेदवार होते. बाबा रात्रीच्या गाडीने परतत, जेवण उरकले की जमिनीवर मतदारयादी पसरून चिठ्ठ्या लिहायला बसत आणि आई त्यांना पट्टीने रकाने आखून देई.

डोंबिवली म्हणजे जनसंघ आणि पुढे भाजप, याच समजुतीत मी वाढले. २००९ मध्ये स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाल्यापासून रवींद्र चव्हाणच निवडून येत असल्यामुळे तो समज खरा वाटणे साहजिक आहे. मात्र आमच्याच घरात भाऊ शिवसेनेचा झाला, आणि त्याच्या मुलाने पहिले मत मनसेला दिले, तेव्हा बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तुमच्याकडे काय घडले, ते मला मनापासून ऐकायचे आहे.

रुळांपलीकडे
ताई, १९९६ राहिले. १९८९ आणि १९९१ ला भाजपचे राम कापसे निवडून आले असतानाही शिवसेनेशी झालेल्या युतीत ठाण्याची जागा शिवसेनेकडे गेली, हे आमच्या काकांच्या जिव्हारी लागले होते. ते प्रचाराला गेले नाहीत, कोणाकडे चहालाही गेले नाहीत. पण मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत उभे राहून प्रकाश परांजपे यांच्या धनुष्यबाणावर शिक्का मारून आले. परांजपे त्यानंतर १९९८, १९९९ आणि २००४ लाही जिंकले आणि काकांच्या हाताला त्या चिन्हाची सवय झाली. आम्हा मुलांची गोष्ट वेगळी होती. रात्री रुग्णवाहिका हवी असली की शिवसेनेच्या शाखेत धावत जायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते आणि आमचे मत त्यातूनच ठरले.

मधलीखोली
सगळी डोंबिवली एका रंगाची नव्हती, हे कोणीतरी लिहायलाच हवे. आमच्या चाळीत आमचे एकच बिऱ्हाड उघडपणे काँग्रेसचे होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या १९८४ च्या निवडणुकीत शांताराम घोलप निवडून आले, तेव्हा आजवर आमच्याशी वाद घालणाऱ्या शेजारच्या काकूंनी आईला हळूच सांगितले, "या वेळी मीही हातालाच दिले, यांना कळू देऊ नका." बाईचे मत नवऱ्यापेक्षा वेगळे असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले.

निळजेकर
तुमची चर्चा स्टेशनच्या आजूबाजूलाच फिरते आहे. आम्ही शहराला लागून असलेल्या सत्तावीस गावांतले. १९८३ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेत घातले, २००२ ला बाहेर काढले आणि २०१५ ला पुन्हा आत घेतले. कर शहराचा भरायचा आणि पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची, हे ज्याने सोसले त्याला पक्षापेक्षा गावाचा प्रश्न मोठा वाटणारच. आमच्या कल्याण ग्रामीण विधानसभा मतदारसंघाचा इतिहास पाहा. २००९ ला मनसेचे रमेश पाटील, २०१४ ला शिवसेनेचे सुभाष भोईर, २०१९ ला मनसेचे राजू पाटील आणि २०२४ ला शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश मोरे. आमचा मतदार चंचल नाही. लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरे चिन्ह निवडताना तो पुरता विचार करतो, कारण आमदार हा ओटीवर येऊन बसणारा माणूस असावा, अशी त्याची अपेक्षा असते.

सहाबेचाळीस
रोज साडेतीन तास गाडीत घालवणाऱ्याला गावचा नगरसेवक कोण हे सांगता येत नाही, आणि माझी वीस वर्षे तशीच गेली. आता आपण ज्यात येतो त्या कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१४ आणि २०१९ ला निम्म्याहून कमी मतदान झाले, त्यात माझीही अनुपस्थिती होती, याची मला खंत आहे. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत राज्यातले मित्रपक्ष इथे समोरासमोर लढले, शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या, आणि ज्या दोन कार्यकर्त्यांनी आदल्या वर्षी एकत्र येऊन माझ्याकडे मत मागितले होते, तेच आता वेगवेगळे आले. तेव्हापासून मी चिन्ह न पाहता माणूस पाहतो.

पाथर्लीची
घाईत लिहिते आहे, कुकर लावला आहे. २० मे २०२४ ला सासूबाईंना रिक्षाने केंद्रावर नेले, भर उन्हात दीड तास उभ्या राहिल्या, आणि यादीत त्यांचे नावच नव्हते. माझे होते, दिवंगत सासऱ्यांचेही होते. पंचेचाळीस वर्षे एकही मतदान न चुकवलेली बाई घरी येऊन बोटाकडे पाहत बसली.

पत्र्याचीपेटी
पाथर्लीची, वाचून फार वाईट वाटले. नमुना ६, म्हणजे यादीत नाव घालण्याचा अर्ज, भरून घ्या आणि पुढच्या वेळी मतदानाआधी यादी स्वतः तपासा. बाबा हेच काम घरोघर जाऊन करत असत.

मधलीखोली
पेटीवाल्या ताई, त्या चिठ्ठ्या रद्दीत टाकू नका. आम्ही तेव्हा स्टेशनजवळच्या दुमजली चाळीत राहत होतो. आजोबांचे नाव सापडते का, पाहाल?

पत्र्याचीपेटी
तुम्ही निरोपात कळवलेले नाव सापडले. त्याखालीच तुमच्या आजीची चिठ्ठी आहे. तिच्यावर बाबांनी आजीच्या नावापुढे कंसात 'पायाने अधू, रिक्षा पाठवणे' असे लिहून ठेवले आहे.